मुरायला वेळ लागतो

तो शब्द माझा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळ्यांनी तो आपापल्या घरचा असल्यासारखा वापरला, आणि ज्यांनी तो वापरायला लावला त्यांनी शेवटी कानांवर हात ठेवले.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. म्हणजे बॅग घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसायचं, पेशंट संपले की आत जायचं, दोन मिनिटांत आपलं औषध डॉक्टरांच्या गळी उतरवायचं आणि हसत बाहेर यायचं. अठरा वर्षं हेच केलं. बाकावर शेजारचा माणूस कण्हत असतो आणि आपण आपल्या बुटांची चमक बघत असतो. पहिल्या वर्षी लाज वाटते. दुसऱ्या वर्षी माणूस आणखी चांगले बूट घेतो.

त्या सुमारास आमच्याकडे पिवळी गोळी आली. छापील नाव लांबलचक होतं, आम्ही पिवळीच म्हणायचो. तिला मंजुरी होती ती मनाच्या गंभीर आजारांसाठी, ज्यांना भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात अशा माणसांसाठी. पण असे पेशंट असून असून किती असणार? झोप न येणारी, छातीत धडधडणारी माणसं मात्र घरोघरी. म्हणून आम्हाला शिकवण्यात आलं की त्या आजाराचं नावच काढायचं नाही. "डॉक्टर, शांत झोपेसाठी," एवढंच म्हणायचं. लेखी काही नाही, सगळं तोंडी. खोक्यात घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकाबद्दल कुणी विचारलं तर साहेब म्हणायचे, "ते वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं असतं."

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. गोड बोलणारा माणूस. कुणाच्या बायकोचं ऑपरेशन असलं तर स्वतः दवाखान्यात फुलं घेऊन जाणारा. वाईट माणसं वाईट दिसली असती तर माझं काम किती सोपं झालं असतं.

गोळी धडाक्यात चालली. मग आठ-दहा महिन्यांनी डॉक्टर कुरकुरायला लागले. पेशंट म्हणतात जीभ जड होते, ओठ आपोआप हलतात, काही जण तर बसल्या जागी काहीतरी चघळत असल्यासारखं करतात. दोन-तीन डॉक्टरांनी पिवळी लिहायचं बंदही केलं. तेव्हा साहेबांनी आम्हा सगळ्यांना एका हॉटेलच्या हॉलमध्ये गोळा केलं आणि म्हणाले, "मला एक शब्द द्या. पेशंटला हा त्रास काय आहे ते सांगणारा, पण न घाबरवणारा."

कुणी म्हणालं, "समायोजन काळ." साहेबांनी तोंड वाकडं केलं. "आजीबाईला कळेल असं बोला रे."

मी शेवटच्या रांगेत होतो. जेवण जास्त झालं होतं आणि खरं सांगायचं तर मी गंमतच केली. म्हणालो, "सर, म्हणावं, औषध मुरतंय."

हॉल हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. मग फळ्यावर लिहिला, आणि विचारलं, "मुरत नसेल तर काय करायचं?" पुढच्या रांगेतून उत्तर आलं, "मात्रा वाढवायची. म्हणजे लवकर मुरेल." टाळ्या वाजल्या. बैठक संपल्यावर साहेबांनी फळा स्वतःच्या हातानं पुसला. ते तेव्हा मला विशेष वाटलं नाही.

शब्द चांगला होता, हे मी आजही नाकारणार नाही. आपल्या भाषेत मुरण्याला मान आहे. मुरलेला कारागीर, मुरलेला गवई. चांगली गोष्ट अंगात मुरायला वेळ लागतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पेशंट ऐकायचे आणि धीर धरायचे. आणि कमाल म्हणजे मात्रा वाढवली की ओठ खरोखर थांबायचे. डॉक्टर खूश, पेशंट खूश. चार-पाच महिन्यांनी ओठ पुन्हा हलायला लागायचे, तेव्हा पुन्हा वाढवायची. वर्षअखेर मला मंचावर बोलावून 'उत्कृष्ट संवादा'बद्दल एक निळा कोट दिला, खिशावर कंपनीचं चिन्ह शिवलेला. बाह्या चार बोटं लांब होत्या. म्हणून मी तो घेऊन ताईकडे गेलो.

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई सोळाची. तिनं शाळा सोडली, आईच्या शिवणयंत्रावर बसली आणि मला वाढवलं. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, तरी ती यंत्रावरून उठली नाही. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. दोन यंत्रं, भिंतीला एक माणूसभर उंचीचा आरसा, गिऱ्हाइकानं उभं राहायला एक लाकडी पाट, खडू, टेप आणि खालच्या फरशीवर सदा चिंध्या. शिवणारे पुष्कळ असतात. ताईचं नाव होतं ते शेवटच्या मापासाठी, कपडा अंगावर चढवून जिथल्या तिथे टाचण्यासाठी. त्या वेळी तिच्या ओठांत आठ टाचण्या असायच्या, एका ओळीत, डोकी बाहेर. त्या तशाच ठेवून ती हसू शकायची, फोनवर बोलू शकायची, भांडूही शकायची. एकदा शिंकलेलीसुद्धा मी पाहिलीय. टाचणी पडली नाही.

आणि तिला माझे कान वाचता यायचे. लहानपणी मी खोटं बोललो की माझे कान लाल व्हायचे. त्यामुळे ताई माझं उत्तर ऐकायचीच नाही, सरळ कानांकडे बघायची आणि निकाल द्यायची.

"धाकट्या, हात खाली सोड. सैनिकासारखा काय उभा राहतोस," कोटाची बाही टाचत ती टाचण्यांमधून म्हणाली. मग बोलता बोलता निघालं की तिला तीन महिने झोप नाही. "पाठ टेकली की छातीत ढोल वाजतो. दिवसा यंत्रावर डुलक्या येतात. परवा सुई बोटात घातली असती."

माझ्या बॅगेत पिवळीची नमुन्याची पाकिटं होती, डॉक्टरांना फुकट द्यायची. त्यांत माहितीपत्रक नसतं. मी दोन काढून यंत्रावर ठेवली. "रोज एक घे. संपली की आपल्या चौकातल्या डॉक्टरांकडे जा, ते लिहून देतील."

"त्रास-बिस काही नाही ना?"

"जीभ जरा जड वाटेल. मुरायला वेळ लागतो."

ताईनं आरशात माझे कान बघितले. मीही बघितले. कान आपले नेहमीच्या रंगाचे. इतक्या वर्षांत ते शिकले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे मला तेव्हा ते खोटं वाटतच नव्हतं. हलणाऱ्या ओठांच्या तक्रारी मी स्वतः ऐकलेल्या, पत्रक मी एकदा अर्धं वाचून घडी घालून ठेवलेलं. डोळ्यांवर कातडं ओढलं की दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून माणूस स्वतःला प्रामाणिक समजतो.

"दे," ताई म्हणाली.

ताई झोपायला लागली. गाल भरले, चिडचिड गेली. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या धाकट्याची गोळी. देवमाणूस आहे हो." तिच्याकडे येणाऱ्या शाळेतल्या एक बाई होत्या, त्यांनाही झोप नव्हती. त्यांनाही मी चौकातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. अभिमान वाटला, ते कशाला लपवू? आयुष्यभर ताईनं मला दिलं होतं, पहिल्यांदाच मी तिला काहीतरी दिलं होतं.

दहाव्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. त्याच बाई पाटावर उभ्या होत्या आणि ताई गुडघ्यांवर बसून त्यांच्या झग्याची खालची दुमड टाचत होती. फरशीवर टिंग असा आवाज झाला. ताईनं खाली बघितलं, कुणाची टाचणी पडली म्हणून. ती तिचीच होती. ती उचलून तिनं पुन्हा ओठांत ठेवली आणि पुन्हा टिंग. मग तिचे ओठ मला दिसले. आपल्याशीच काहीतरी पुटपुटावं तसे ते हलत होते, आणि ताईला त्याचा पत्ता नव्हता.

मी उठून उभा राहिलो. ताईनं मात्र माझ्याकडे बघून हात झटकला. "काही नाही रे. मुरतंय अजून."

पाटावरून बाईंनीही मान डोलावली. "माझंसुद्धा मुरतंय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चौकातल्या डॉक्टरांनी ताईची मात्रा दुप्पट केली, आठवड्याभरात ओठ थांबले, टाचण्या पुन्हा ओळीत उभ्या राहिल्या, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. चार महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा वाढवली. एकूण तीनदा. प्रत्येक वेळी ताई मला फोन करून आनंदानं सांगायची, "मुरलं बरं का."

माझी भाची, ताईची मुलगी, चष्म्याच्या दुकानात काम करते. एका दुपारी मी असाच एका दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो, बॅग मांडीवर, आजूबाजूला सात-आठ पेशंट. भाची तरातरा आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या एका हातात दुकानातलं भिंग होतं आणि दुसऱ्या हातात ते घडीचं पत्रक.

"मामा, हे वाच."

"घरी बोलू या."

"नाही, इथंच. तुझं ऑफिस आहे ना हे? आईकडे तुझी नमुन्याची पाकिटं, नाही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानातून सुट्या आलेल्या गोळ्या. खोकं कधी घरात आलंच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला वर्षभर कळत होतं. आज औषधाच्या दुकानातून सबंध खोकं मागून घेतलं."

पाणी मुरतंय. जन्मभर ऐकलेला वाक्प्रचार, पण आपल्या शब्दाचा हाही अर्थ आहे हे त्या हॉलमध्ये मला सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं.

तिनं भिंग धरून मोठ्यानं वाचलं. "ओठ, जीभ वा जबडा यांची आपोआप हालचाल दिसताच औषधाबाबत तातडीने फेरविचार करावा. विलंब झाल्यास ही हालचाल कायमची राहू शकते. मात्रा वाढवल्यास लक्षण काही काळ झाकले जाते, परंतु मूळ विकार वाढत राहतो." मग भिंग खाली घेतलं. "हे तुला माहीत होतं?"

"हळू बोल जरा."

"माहीत होतं का?"

"अर्धं," मी म्हणालो.

बाकाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा जबडा मघापासून हलत होता. मी त्यांच्याकडे मुद्दाम बघत नव्हतो. ते भाचीला समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पोरी, घाबरू नकोस. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ते औषध मुरत असतं."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. पत्रक माझ्या बॅगेवर ठेवून ती निघून गेली.

त्यानंतर मी जे केलं ते सगळं बरोबर होतं आणि सगळं उशिरा होतं. आधी चौकातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते खवळले. "याच खुर्चीत बसून तुम्ही मला सांगितलंत! मला दिवसाला ऐंशी पेशंट असतात, मी काय भिंग घेऊन बसू?" पण माणूस हादरला होता. त्यांनी ताईला मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मोठ्या डॉक्टरांनी ताईला बाहेर बसवून मला सांगितलं की ही हालचाल गोळीनंच आणली आहे. गोळी वाढवली की झाकते, कमी केली की उघडी पडते. म्हणून हळूहळू कमी करत बंद करायची, आणि करताना सुरुवातीला त्रास वाढेल, धीर धरावा लागेल. माझंच वाक्य होतं ते. फक्त या वेळी खरं होतं.

"पण जाईल ना?" मी विचारलं.

"पहिल्यांदा ओठ हलले तेव्हाच थांबवलं असतं तर बहुधा गेली असती. आता गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली. काहींची जाते. बऱ्याच जणांची नाही जात." मग ते म्हणाले, "हिला मुरतंय म्हणून कुणी सांगितलं हो? आलेला प्रत्येक पेशंट तेच म्हणतो."

त्यांनी लिहून दिलेल्या कागदाची मी घडी घातली आणि उठलो.

साहेबांना भेटलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, ताईची चौकशी केली, डोळे पाणावलेसुद्धा. मग विचारलं, "लेखी आहे का कुठे?" औषध नियंत्रणाच्या कार्यालयात सगळं लिहून दिलं. दीड महिन्यानं तिथल्या अधिकाऱ्यानं बोलावलं आणि कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं. 'मुरणे' हा शब्द कंपनीच्या कोणत्याही छापील वा प्रशिक्षण साहित्यात नाही. पत्रकात धोक्याची स्पष्ट सूचना आहे. सदर शब्द हा एका प्रतिनिधीचा वैयक्तिक शब्दप्रयोग असून त्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. अधिकारी कागदावरून नजर वर न उचलता म्हणाला, "तो प्रतिनिधी तुम्हीच ना? म्हणजे तक्रार तुमची आणि तक्रार तुमच्यावरच. आता मी काय करू, सांगा." नोकरी गेल्याचं मला असं त्या टेबलावर कळलं. मला हसू आलं. करून सवरून नामानिराळं राहायचं तर कंपनीकडून शिकावं.

इकडे ताईची गोळी कमी होत गेली तसं तिचं तोंड सुटत गेलं. ओठ चंबूसारखे व्हायचे, जीभ बाहेर डोकावून आत जायची, गाल दातांखाली येऊन चावला जायचा. ती तोंडाला रुमाल बांधून यंत्रावर बसायला लागली. एका गिऱ्हाइकाच्या लहान मुलीनं आरशासमोर उभं राहून तिची नक्कल केली. मुलगी अजाण होती, आईनं तिला रागावलं, पण त्या मायलेकी पुन्हा आल्या नाहीत. भाचीनं मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी आणून दिली. ताईनं ती खिडकीत ठेवली. म्हणाली, "ती नवशिक्यांनी बांधायची." झोप तर पार उडाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

दुसरा महिना संपता संपता तिनं मला समोर बसवलं. रुमाल काढला. मला बघवत नव्हतं, पण मी नजर हलवली नाही.

"गोळी घेत होते तेव्हा तोंड थांबत होतं. बंद करायला लावलीस तेव्हापासून हे असं. मग औषध कुठलं आणि रोग कुठला?" शब्द मध्येच तुटत होते, जीभ त्यांना ढकलत होती.

"ताई, गोळीनंच केलंय हे. वाढवली की फक्त झाकलं जातं."

"तूच म्हणालास मुरतं."

"ते खोटं होतं. असं मुरणं-बिरणं काही नसतं. तो शब्द मी बनवला. गोळी खपावी म्हणून. एका हॉलमध्ये, जेवण झाल्यावर, गंमत म्हणून." मला रडू फुटलं. "मला माफ कर. तुझं तोंड मी घालवलं."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर, त्या हलणाऱ्या चेहऱ्यावर, मला कळवळा दिसला. तिनं हात पुढे करून माझा कान धरला.

"लाल झालाय बघ," ती म्हणाली. "दोन्ही लाल झालेत. गोळी दिलीस तेव्हा नव्हते. मी आरशात बघितलं होतं."

"ताई, लाज वाटतेय म्हणून लाल झालेत."

"असू दे रे. नोकरीवरून काढलं म्हणून राग आहे तुला कंपनीवर, मला कळतं. पण त्यापायी माझं औषध कशाला तोडतोस?"

मी मोठ्या डॉक्टरांचा कागद दाखवला, पत्रक दाखवलं, भाचीला मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. चाळीस वर्षं ताईचा एका गोष्टीवर भरवसा होता, आणि ती गोष्ट माझ्या डोक्याला दोन बाजूंना चिकटलेली होती.

पुढचे दोन आठवडे ताईनं मला येऊ दिलं नाही. भाची फोनवर सांगायची, आई ठीक आहे, शांत आहे, झोपते आहे. आम्हा दोघांना वाटलं, त्रासाचा काळ सरला. मग एक दिवस ताईचाच फोन आला, आवाज स्वच्छ, शब्द सुटे सुटे. "नव्या कामासाठी मुलाखतीला जाणार आहेस म्हणे? तो कोट घेऊन ये. त्यावरचं ते चिन्ह काढून देते."

सकाळची वेळ होती. पुढच्या खोलीत ऊन आलं होतं. ताई आरशाजवळ उभी होती, रुमाल नव्हता, आणि ओठांत आठ टाचण्या होत्या, एका ओळीत, डोकी बाहेर. एकही हलत नव्हती. माझा जीव क्षणभर खरंच हरखला. मग यंत्राच्या खणात मला पिवळ्या गोळ्यांचं पाकीट दिसलं.

"शाळेतल्या बाईंकडून घेतल्या," ती म्हणाली. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटतच नव्हतं. "त्यांनी डॉक्टर बदललेत, ते नवे अजून लिहून देतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

त्या गोळीची तेवढीच शेवटची मात्रा आहे. त्याच्या वर नाही. पत्रकाचा तो भाग मी आता तोंडपाठ म्हणू शकतो. चार महिने, फार तर पाच. मग ओठ पुन्हा हलतील, आणि या वेळी वाढवायला काही उरलेलं नसेल. गोळी थांबवली तर कालचं तोंड आजच परत येईल, आणि ते जाईलच असं मोठे डॉक्टरही म्हणत नाहीत. दोन्हीकडून दार बंद, आणि बंद करणारा कोट चढवून पाटावर उभा.

"खांदे उतरलेत तुझे," ताई म्हणाली. "बाजूंनी आत घ्यावा लागेल." तिनं खिशावरचं चिन्ह ब्लेडनं उसवलं. त्याच्याखालचं कापड जास्त निळं होतं. मग ती माझ्याभोवती फिरत कोट टाचायला लागली, एकेक टाचणी ओठांतून काढत, मधेच नवीन घेत, आणि गुणगुणायलासुद्धा लागली. कित्येक महिन्यांत मी तिला अशी बघितली नव्हती. उद्या तिच्याकडे तीन गिऱ्हाइकं यायची होती, गेलेलीच परत.

"आता सांग," ती टाचण्यांमधून म्हणाली. "मुरलं की नाही?"

मी आरशात तिच्याकडे बघितलं. खरं एकदा सांगून झालं होतं. त्यानं तिचं काही भलं झालं नव्हतं.

"मुरलं, ताई."

तिनं हात थांबवला. टाचा उंचावून तिनं आरशात माझा आधी डावा कान बघितला, मग उजवा. मीही बघितले. नेहमीच्या रंगाचे होते.

"बघ, आता खरं बोललास," ताई म्हणाली, आणि पुढची टाचणी लावण्यासाठी मला हात वर करायला सांगितलं.